गीतरामायण : छप्पन्न गाणी आणि त्यांचा क्रम

गीतरामायण म्हणजे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी चाली दिलेली छप्पन्न मराठी गीतांची मालिका. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तिचे पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, प्रसारित झाले आणि शेवटचे १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला. पुढे त्याचे पुस्तक निघाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, रंगमंचावर शेकडो कार्यक्रम झाले आणि इतर भाषांत अनुवादही झाले.

आपल्या मंडळात दर रामनवमीला यातली दहा-बारा गाणी होतात, तेव्हा सभासदांना गीतरामायणाची ओळख करून देण्याची गरज काय, असे मलाही वाटत होते. पण मागच्या वर्षीच्या तालमीत एक प्रसंग घडला. आपल्यातलाच एक तरुण, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात अभियंता आहे आणि गिटार चांगली वाजवतो, तो मला म्हणाला, "काका, एकच गोष्ट, सगळी गाणी ओळीने, प्रत्येक गाणं वेगळ्या पात्राचं. हा तर रॉक ऑपेरा झाला. पण ही गाणी तुम्ही क्रमाने का नाही म्हणत?" पहिल्या वाक्यावर सगळे हसले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. हा लेख त्यामुळे लिहिला गेला.

कालगणना

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे आकडे दिसले की ताळा जुळवून पाहतो. वर्षाचे आठवडे बावन्न, मग गाणी छप्पन्न कशी? मूळ योजना बावन्न गाण्यांचीच होती. पण शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला आणि एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंतचा काळ लांबला. १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता. तिथपासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत पंचावन्न शुक्रवार भरतात, आणि १९ एप्रिलची रामनवमी गुरुवारी आली, ते छप्पन्नावे. हिशेब चोख जुळतो. पंचांगाने चार गाणी जास्तीची दिली असे म्हणायला हरकत नाही.

पुणे केंद्र तेव्हा अगदी नवे होते, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले. तिथले अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे मित्र. नव्या केंद्रासाठी काहीतरी दीर्घ चालणारे लिहून द्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यातून ही योजना ठरली. नवे गाणे शुक्रवारी सकाळी पावणेनऊ ते नऊ या वेळात लागे आणि शनिवारी, रविवारी पुन्हा ऐकवले जाई. लोकांची मागणी इतकी वाढली की वर्तमानपत्रे त्या आठवड्याचे गीत छापू लागली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून घरची मंडळी ऐकायला बसत, ही आठवण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत सांगितली जाते. १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे रामायण सुरू झाले तेव्हा आपण टीव्हीला हार घातलेले पाहिले. ती पद्धत तिच्याआधी बत्तीस वर्षे रेडिओवर पडून गेली होती.

इंदूरचे आकाशवाणी केंद्रही याच १९५५ सालच्या मे महिन्यात सुरू झाले. इंदूर तेव्हा मध्यभारत राज्यात होते. गीतरामायण संपले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपण मध्य प्रदेशात आलो. ऑक्टोबर १९५७ मध्ये दसऱ्याच्या सुमारास भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायणाचे पुस्तक काढले. नात्यातले कोणी पुण्याहून येणार असले की "ते पुस्तक आणा" असा निरोप जायचा, असे माझे वडील सांगत.

आठवड्याला एक

हे काम कसे झाले असेल याची कल्पना करून पाहावी. दर आठवड्याला एक गीत लिहायचे, त्याला चाल लावायची, गायक ठरवायचा, तालीम घ्यायची आणि शुक्रवारी सकाळी ते वाजलेच पाहिजे. त्याच काळात दोघांचीही चित्रपटांची कामे चालू होती. माडगूळकर पटकथाही लिहीत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ'चे लेखन त्यांचेच. फडके आणि माडगूळकर दोघेही १९१९ सालचे, म्हणजे गीतरामायण सुरू झाले तेव्हा पस्तिशीतले. बाबूजींचे पाळण्यातले नाव रामचंद्र होते, हा योगायोग आपल्या जुन्या सभासदांना ठाऊक असेल, मुलांना मुद्दाम सांगावा.

पहिल्याच गाण्याच्या वेळी गोंधळ झाला. लिहिलेला कागद फडक्यांकडे दिला होता, तो ऐनवेळी सापडेना. माडगूळकर चिडले आणि पुन्हा लिहायला तयार होईनात. तेव्हा लाडांनी त्यांना कागद-लेखणीसह एका खोलीत बसवून बाहेरून दार लावले, आणि पाव तासात गाणे आठवणीतून पुन्हा उतरले. ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे, प्रत्येकाच्या तोंडी थोडी निराळी. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. गाणे पाठ होते, म्हणजेच ते कागदाच्या आधी डोक्यात बांधून झालेले होते.

दुसरी आठवण रामजन्माच्या गीताची. ते लवकर मनासारखे उतरेना. रात्र होत आली, घरातून विचारणा झाली, तेव्हा माडगूळकरांनी उत्तर दिले ते साधारण असे की, जन्माला प्रभू रामचंद्र यायचा आहे, तो काही मी नव्हे, वेळ लागणारच. आज रामनवमीच्या दुपारी बारा वाजता मंदिरांत जुन्या पाळण्यांच्या बरोबरीने हेच गीत म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वीचे रेडिओवरचे गाणे देवळातल्या विधीचा भाग व्हावे, असे फार थोड्या कवींच्या वाट्याला आले असेल.

कोण बोलते

माडगूळकरांनी कथा वाल्मीकींची घेतली, पण सांगण्याची रीत बदलली. निवेदक कवी जवळजवळ नाहीच. प्रत्येक गीत कोणा तरी पात्राच्या तोंडी आहे. दशरथ, कौसल्या, लक्ष्मण, भरत, सुमंत, शूर्पणखा, जटायू, शबरी, हनुमान, कुंभकर्ण असे सगळे आपापले बोलून जातात. मोठ्या पात्रांबरोबर नाव नसलेली माणसेही बोलतात. गंगेवरचे नावाडी, सेतू बांधणारे वानर, अयोध्येतले लोक. नावाड्यांच्या गीताची लय वल्ह्याची आहे आणि सेतूच्या गीताची ओझे उचलणाऱ्यांची. ही दोन गाणी मुलांना शिकवायला सर्वांत सोपी जातात, असा माझा अनुभव आहे.

वाल्मीकींशी प्रामाणिक राहिल्यामुळे काही लोकप्रिय कथा यात सापडणार नाहीत. आपला रस्ता ज्या गावाचे नाव लावतो त्या सांवेरला उलट्या हनुमानाचे मंदिर आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेले आणि त्यांना सोडवायला हनुमान डोके खाली करून पाताळात उतरला, ही तिथली कथा. ती वाल्मीकी रामायणात नाही, म्हणून गीतरामायणातही नाही. माझ्या मुलीने लहानपणी हा प्रश्न विचारला होता, "मग आपल्या सांवेरचं गाणं कुठे आहे?" तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते.

या रचनेतली सर्वांत मोठी खुबी मात्र सुरुवातीत आणि शेवटात आहे. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामायण गात आहेत. हे दोघे आपलेच मुलगे आहेत हे रामाला ठाऊक नाही. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना सांगतात की आता अयोध्येला जा आणि हे गा. म्हणजे शेवटचे गाणे काळाच्या हिशेबाने पहिल्याच्या आधीचे. छप्पन्नावे संपले की पहिले पुन्हा सुरू व्हावे, अशी गाठ मारलेली आहे. क्रमाने ऐकल्याशिवाय ही गाठ दिसतच नाही. सुटी गाणी कितीही आवडती असली तरी त्यांतून ती कळणार नाही.

फडक्यांनी चालींचाही असाच विचार केला. प्रसंगाची वेळ आणि भाव पाहून राग निवडले. पहिले गीत भूप रागावर आहे. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते 'पराधीन आहे जगती' यमनकल्याणाच्या अंगाचे. त्यात कडव्यांमागून कडवी येतात आणि तरी कंटाळा येत नाही, कारण गाणारा दर कडव्याला शब्दांप्रमाणे जोर बदलतो. आमच्याकडे कोणाच्या तेराव्यानंतरच्या भजनात हे गीत हमखास होते. वाद्ये मोजकी आणि शब्दांच्या मागे राहणारी. व्हायोलिन प्रभाकर जोगांचे. चाली अवघड नाहीत असे वाटते, ते म्हणायला बसेपर्यंतच.

अनेक आवाज, मग एक आवाज

आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात असलेले गीतरामायण आणि १९५५ साली पुण्याहून प्रसारित झालेले गीतरामायण हे एक नाही, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

मूळ प्रसारणात वेगवेगळे गायक होते. राम फडक्यांच्या आवाजात, सीतेची गीते मुख्यतः माणिक वर्मा यांच्या. ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, चंद्रकांत गोखले अशी मंडळी इतर पात्रांसाठी गात. लता मंगेशकरही त्यात गायल्या. म्हणजे श्रोत्याला पात्र आवाजावरून ओळखता येई. ते खऱ्या अर्थाने आवाजांचे नाटक होते, फक्त त्याला पडदा नव्हता.

पुढे फडके एकटेच गीतरामायणाचे कार्यक्रम करू लागले. मध्ये थोडे निवेदन, मग गीत, अशी काही दिवसांची मालिकाच ते करीत. एचएमव्हीने ध्वनिमुद्रिका काढल्या त्याही सर्व गीते बाबूजींच्या आवाजात. मग कॅसेट आल्या, सीडी आल्या, आणि गीतरामायण म्हणजे हा एक आवाज असे समीकरण पक्के झाले. कौसल्येचा विलापही त्यांचाच, शूर्पणखेचा संतापही त्यांचाच.

यात काही बिघडले असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच उभा राहून राजा, राणी, दूत सगळे रंगवतो आणि श्रोत्यांना ते चालते, नव्हे आवडते. बाबूजींचे गीतरामायण हे एका अर्थी कीर्तन आहे. त्यांच्या शब्दोच्चारांवर तीन पिढ्यांनी मराठी सुधारले. इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे आपली मुले दिवसभर हिंदीत बोलतात, ही गोष्ट लहान नाही. माझ्या मुलीचा 'ळ' या कॅसेटवर सुधारला, शाळेत नाही. फक्त एवढेच की पहिले रूप विस्मरणात गेले. मूळ आवाजांतली काही गाणी आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आवाज घोगरा आहे, खरखर आहे, पण माणिकताईंची सीता ऐकल्यावर आपण काय विसरलो होतो ते कळते.

रॉक ऑपेराचा प्रश्न

आता त्या तरुणाच्या म्हणण्याकडे. रॉक ऑपेरा म्हणजे रॉक संगीतातल्या गाण्यांची एक ओळ, जिच्यातून सलग गोष्ट सांगितली जाते. ती बहुधा आधी अल्बम म्हणून येते, रंगमंचावर नंतर. इंग्लंडच्या 'द हू' या बँडचा 'टॉमी' १९६९ सालचा. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचा अल्बम १९७० मध्ये आला आणि त्याच्या यशावर नाटक १९७१ मध्ये ब्रॉडवेवर उभे राहिले. त्याचा प्रयोग मुंबईत अलेक पदमसी यांनी १९७४ साली केला आणि त्यात ज्यूडासची भूमिका गायली ती नंदू भेंडे यांनी, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या मुलाने. हेच नंदू भेंडे पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये दिसले. ते जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेले, ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे मराठी रूप. मराठीत रॉकचा ठेका रंगमंचावर आला तो असा.

गीतरामायणात रॉक नाही, हे सांगायला नको. पण गाण्यांनी गोष्ट सांगायची, प्रत्येक गाणे पात्राचे, आधी ऐकण्यासाठी बनवायचे आणि रंगमंचावर मागून न्यायचे, हे सगळे आपल्याकडे 'टॉमी'च्या चौदा वर्षे आधी झाले होते. त्याला नाव मात्र कोणी दिले नाही. त्या मुलाने दिले तर मला राग येण्याचे कारण नाही. त्याला मी एवढेच म्हणालो की तुमच्या 'टॉमी'ची गाणी तू मागेपुढे करून ऐकतोस का? तो म्हणाला, छे. मग मला माझ्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले.

अनुवाद आणि प्रसार

गीतरामायणाचे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, कोंकणी, सिंधी, बंगाली अशा भाषांत अनुवाद झाले. संस्कृत अनुवाद वसंतराव गाडगीळांचा. हिंदीत तर एकाहून अधिक आहेत. यांतले बरेच अनुवाद मूळ चालींवर म्हणता यावेत अशा बेताने केलेले आहेत. ज्यांच्या घरी हिंदीभाषक सून किंवा जावई आले आहेत त्यांना याचा उपयोग होईल. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले, फडके २९ जुलै २००२ रोजी. श्रीधर फडके यांनी वडिलांचा हा कार्यक्रम पुढे चालू ठेवला आहे.

राज्याभिषेकानंतर

मी सांवेर रोडच्या औद्योगिक क्षेत्रातल्या शाखेत काही वर्षे होतो. घर राजेंद्र नगरला, म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे टोक. गाडीत गीतरामायणाच्या कॅसेट होत्या. जाताना एक बाजू, येताना दुसरी. मे महिन्यात गाडी उन्हात राहून त्यातल्या एका कॅसेटची फीत वाकडी झाली आणि सुंदरकांडातली गाणी रडक्या आवाजात वाजू लागली, तरी बदलली नाही. असे करता करता सगळी गाणी क्रमाने कानावरून गेली, आणि तेव्हा लक्षात आले की राज्याभिषेकाच्या जयजयकाराला मालिका संपत नाही. त्यानंतर हनुमान रामाकडे वर मागतो. सीता डोहाळे सांगते. आणि शेवटून दुसऱ्या गीतात लक्ष्मणाने अरण्यात आणून सोडलेली सीता त्याला विचारते की आता मी जाऊ कुठे. त्यानंतरच वाल्मीकी मुलांना गायला पाठवतात.

आमच्या घरी लहानपणी ध्वनिमुद्रिका वाजत, तेव्हा वडील जयजयकार झाला की सुई उचलायचे. सणाचा दिवस आहे, पुढचे नको, असे त्यांचे म्हणणे. आई काही बोलायची नाही. पण वडील बाहेर गेले की ती उरलेली बाजू लावायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकायची. मी एकदा विचारले की रडायला येतं तर ऐकतेस का. ती म्हणाली, "तिचं कोणीतरी ऐकायला नको का?"

आपल्या मंडळातही पूर्वापार जयजयकारालाच कार्यक्रम संपतो आणि मग पंजिरी वाटतात. मी स्वतः तीन वर्षे यादी केली आणि तीनही वर्षे ते गीत गाळले. मागच्या वर्षीच्या तालमीनंतर कार्यकारिणीत हा विषय निघाला. काही ज्येष्ठांचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणेही चुकीचे नाही, शुभ दिवसाचा शेवट त्यागाच्या गाण्याने करणे अनेकांना खटकते. पण सीतेला तिथे सोडून आपण उठलो तर कुश-लव कुठून आले हेच मुलांना कळत नाही, आणि पहिले गाणे अधांतरी राहते.

ठरले ते असे. यंदा दहा गाणी मूळ क्रमाने होतील. सुरुवात पहिल्याने, शेवट छप्पन्नाव्याने, आणि त्याआधी सीतेचे गीत. शक्य तेवढी पात्रे वेगवेगळ्या आवाजांत, १९५५ सालच्या पद्धतीने. व्हायोलिन मिळाले नाही तर गिटार चालेल, असे मी त्या तरुणाला सांगून ठेवले आहे. कुश-लवांसाठी दहा-बारा वर्षांची दोन मुले हवी आहेत, आवाजापेक्षा उच्चार स्वच्छ असलेली. सीतेचे गीत म्हणायला अजून कोणी पुढे आलेले नाही. ज्या भगिनी तयार असतील त्यांनी फाल्गुन संपण्याआधी कार्यालयात नाव द्यावे. तालीम रविवारी सकाळी दहा वाजता असते, पोहे मंडळाकडून.